तीन खटक्यांची पट्टी

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? मी वायरमन आहे, भुताखेतांच्या गप्पांना हसणारा माणूस. पण मागच्या रविवारी, भर दुपारी दोन वाजता, जे घडलं ते माझ्यासोबत घडलंय.

आधी थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ऑफिसात छातीएवढ्या पार्टिशनच्या रांगा असतात ना, त्यांच्या पोटातून वायरी जातात. तीन रांगांना तीन वेगळे फेज, पण परतीची वायर, म्हणजे न्यूट्रल, तिघांत एकच. म्हणून नियम असा की तिन्हींचे खटके एका पट्टीने जोडलेले हवेत. एक पाडला की तिन्ही पडले पाहिजेत. एक जरी चालू राहिला तरी न्यूट्रलमधून करंट जात राहतो. त्या वायरीचा जोड शाबूत आहे तोवर टेस्टरही पेटत नाही.

जोड सोडला की तीच वायर शॉक देते, खेळ खलास.

हे मला भावोजींनी शिकवलं. माझ्या ताईच्या नवऱ्याने. जोडाला हात लावण्याआधी ते ओरडून विचारायचे, "बंद?" खटक्यांच्या पॅनलजवळच्याने म्हणायचं, "बंद!" मग पुन्हा, "सगळं?" "सगळं!" त्यानंतरच ते पक्कड उचलायचे.

मी चिडवायचो, "ताईला मागणी घालतानाही दोनदा विचारलंत का?"

"तीनदा. पहिल्या दोन वेळेला नाही म्हणाली ती."

असा माणूस होता.

दोन वर्षांपूर्वी एका ऑफिसचा मॅनेजर माझं डोकं खात होता. कुणी किटली लावली, एक खटका पडला, की तिन्ही रांगा बंद. वैतागून मी पट्टी काढली आणि कामाच्या शर्टाच्या खिशात टाकली. भावोजींना सांगायचं राहून गेलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिथेच दुरुस्तीला गेलो. ते तिसऱ्या रांगेत टेबलाखाली. मी बाहेर पॅसेजमध्ये, पॅनलजवळ, कानाला फोन. दोन रांगांतले कॉम्प्युटर लोक चालूच ठेवून गेले होते.

"बंद?"

सवयीने एका बोटाने एक खटका पाडला. पॅनलकडे बघितलंही नाही.

"बंद!"

"सगळं?"

"सगळं!"

बाकीचं सांगवत नाही.

वॉचमन धावत वर येईपर्यंत मी उरलेले दोन्ही खटके पाडले होते. खिशातली पट्टी पुन्हा बसवली होती. चौकशीत मी सांगितलं, "मी बंद करायच्या आधीच त्यांनी हात घातला." कागदावर लिहिलं गेलं, मृताचा हलगर्जीपणा.

ताई अजून म्हणते, "दोनदा विचारल्याशिवाय हात न लावणारा माणूस. त्याच्या हातून असं कसं झालं रे?"

मी मान खाली घालतो. एवढंच जमतं मला.

तर मागचा रविवार.

कंत्राटदाराने त्याच ऑफिसात पाठवलं. रांगा हलवायच्या होत्या. नाही म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

मजला रिकामा. खिडक्यांतून लख्ख ऊन. मी एकटा.

पॅनल उघडला. पट्टी जागेवर होती. एक खटका खाली ओढला, खट्... तिन्ही पडले. या वेळी डोळ्यांनी बघितले. दोनदा बघितले.

तिसऱ्या रांगेत टेबलाखाली शिरलो. झाकण काढलं. पक्कड जोडाजवळ नेली.

पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला...

"बंद?"

हळू. नेहमीसारखा. काळजीचा.

मी पक्कड मागे घेतली.

आणि तेवढ्यात पॅसेजमधून, पॅनलच्या बाजूने, उत्तर आलं...

"बंद!"

तो आवाज माझा होता.

"सगळं?"

"सगळं!"

घाईतला. फोनवर बोलता बोलता फेकलेला. मीच होतो तो.

पक्कड टाकून पळालो. पलीकडे कुणी नव्हतं. पॅनलजवळही कुणी नव्हतं.

पण खटका एकच खाली होता.

दोन वर.

पट्टी जागेवर नव्हती. मी छाती धरून उभा होतो, आणि हाताला खिशात काहीतरी टोचलं...

पट्टी. माझ्या शर्टाच्या खिशात.

भावोजींनी मला वाचवलं की बोलावलं? रोज विचार करतो. वाचवलं असेल तर जास्त लाज वाटते.

आणि आज सकाळची गोष्ट.

ताई आता आमच्याकडेच राहते. बायको माहेरी गेली आहे. आम्ही दोघं बाहेर निघालो होतो. दोघंही दाराबाहेर, दार ओढून घेतलेलं, ताईच्या हातात कुलूप. सहज म्हणाली, "गीझर, गॅस, सगळं बंद केलंस ना?"

मी चपलेचा पट्टा लावायला वाकलो. दोन वर्षं घरात हा प्रश्न आला की मी असंच काहीतरी करून टाळतो.

बंद घराच्या आतून उत्तर आलं...

"सगळं!"

ताईचा हात कुलपावरच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"तू तर इथे आहेस," ती म्हणाली. "मग आत कोण बोललं?"

बाहेर जाणं राहिलं, आम्ही परत आत आलो; घरात कुणीच नव्हतं. ती अजून शेजारच्या खोलीत बसून आहे, उत्तराची वाट बघत. आणि पट्टी माझ्या खिशात आहे.