सरावाचा पेशंट

नौपाड्यातल्या त्या साठ खाटांच्या हॉस्पिटलचे सगळे केसपेपर एका रविवारी क्लाउडवर गेले. गेले म्हणजे काय, तर दुसऱ्या मजल्यावरच्या एसीच्या खोलीत अकरा वर्षं घरघरणारा सर्व्हर बंद झाला, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली अशा तिन्ही शाखांमधल्या नव्वद हजार पेशंटांची माहिती दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर जाऊन बसली. ते मशीन कुठल्या गावात आहे, असं रेकॉर्ड विभागाच्या रचना गमरेनं क्लाउडच्या कंपनीच्या माणसाला दोनदा विचारलं. तो वसईचा ऑस्वल्ड, गोड बोलणारा, सदानकदा इस्त्रीच्या शर्टात. "मॅडम, तसं एक गाव नसतं," असं म्हणून तो हसला. रचनाला ते हसणं मुळीच आवडलं नाही. पंधरा वर्षं कागद सांभाळलेली बाई ती. वस्तू कुठं ठेवलीय हे सांगता येत नाही म्हणजे ती हरवलीय, असा तिचा साधा न्याय होता.

आता इथं सरावाच्या पेशंटबद्दल सांगायला हवं. नव्या सिस्टरांना नोंदी कशा करायच्या हे शिकवायचं, तर खऱ्या माणसाच्या केसपेपरवर हात चालवता येत नाही. त्यासाठी एक खोटा पेशंट लागतो. जुना सर्व्हर आला तेव्हा तो रचनानंच तयार केला होता. नाव, जन्मतारीख, मोबाइल, रक्तगट, यातलं काही रिकामं ठेवलं की मशीन पुढं सरकायचं नाही. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, आणि त्या सकाळी चहा पाणचट झाला म्हणून नवऱ्यानं तोंड वाकडं केलेलं. घे मग, म्हणत तिनं त्याचीच सगळी माहिती भरून टाकली. प्रफुल्ल गमरे. तारीख खरी, नंबर खरा, रक्तगटसुद्धा खरा. टोचू देत सगळ्या जणींना सुया.

अकरा वर्षांत सिस्टरांनी प्रफुल्लला कावीळ केली, त्याचं अपेंडिक्स दोनदा काढलं, आणि केरळहून आलेल्या एका नवख्या पोरीनं तर घाईघाईत त्याचं बाळंतपणही उरकलं. "रचनाताई, मिस्टरांना जुळं झालंय, पेढे कुठायत?" असं महिनाभर चाललं होतं. घरी सांगितल्यावर प्रफुल्ल पोट धरून हसला होता. संध्याकाळी सहा वाजले की सरावाच्या सगळ्या नोंदी आपोआप पुसल्या जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागदोपत्री गमरे पुन्हा ठणठणीत.

नव्या व्यवस्थेत काहीच पुसलं जात नव्हतं. एकदा नोंद झाली की झाली, असं ऑस्वल्डनं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. शिवाय प्रत्येक नोंदीचा मेसेज पेशंटच्या मोबाइलवर जाणार होता. नव्वद हजार माणसांच्या गडबडीत सरावाचा पेशंटही सगळ्यांबरोबर वर गेला. तो गेला हे रचनाच्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी सिस्टरांचं ट्रेनिंग सुरू झालं. शिकवायला मेट्रन व्हेरोनिका सिस्टर होत्या, डोंबिवलीच्या शाखेत. बाकीच्या दोन शाखा पडद्यावर बघत होत्या. साडेअकराला रचनाचा फोन वाजला.

"काय गं, मला ताप आलाय म्हणे," प्रफुल्ल म्हणाला. तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये होता. "एकशे दोन. तुमच्या हॉस्पिटलचा मेसेज आलाय."

"सराव चाललाय रे. लक्ष नको देऊ."

"बरं झालं सांगितलंस. मी गोळी घेणार होतो," म्हणून त्यानं हसत फोन ठेवला.

दीड वाजता त्याच्या लॅबमधल्या पायलचा फोन आला. सरांना हुडहुडी भरलीय, दात वाजतायत, घरी सोडायला माणूस देतोय, म्हणाली. रचना घरी पोचली तेव्हा तो दोन चादरी घेऊन पडला होता, आणि सासूबाई, भीमाबाई, त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. थर्मामीटर एकशे दोन दाखवत होता. हवाच तशी आहे, घराघरात ताप आहे, असं रचनानं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

मंगळवारी बारा वाजून पाच मिनिटांनी दुसरा मेसेज आला. डाव्या मनगटाला प्लास्टर घातलं आहे, हात उंच ठेवावा. प्रफुल्लनं तो तिला पाठवला, खाली हसरं तोंड टाकून. ताप उतरला होता आणि त्याला दही खावंसं वाटत होतं. दोनच्या सुमारास तो दही आणायला म्हणून जिना उतरला आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवरून घसरला.

एक्स-रे रचनानं स्वतः हातात धरून पाहिला. डावं मनगट.

काल ताप मेसेजनंतर दोन तासांनी, आज मनगटही दोन तासांनी. मग तिच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला. कुणीतरी चावटपणा करतंय. मेसेज आधी आला हे तिला माहीत होतं, तरी कुणी तरी वेळा फिरवल्या असतील, असं वाटत राहिलं. ती तडक ऑस्वल्डसमोर जाऊन बसली.

"ही बारा पाचची नोंद कुणी केली?"

त्यानं शोधून दाखवलं. कल्याणची निशा सिस्टर. वर्गात बत्तीस जणी बघत असताना केलेली.

"वेळ बदलता येते?"

"नाही मॅडम. मलाही नाही येत."

"तुम्ही माझ्या मिस्टरांना ओळखता?"

ऑस्वल्डनं मान हलवली. नाही. पण ती उठून दारापर्यंत गेली तेव्हा त्यानं मागून विचारलं, "ते खरे आहेत?" तिनं वळून पाहिलं तर तो पडद्याकडे बघत होता. "सरावाचा पेशंट, मॅडम. खरा माणूस आहे, असं कुणी सांगितलं नाही आम्हाला."

त्या क्षणापासून ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तो जेवत असताना त्याच्या लॅपटॉपच्या मागून एक चक्कर मारून आली. काही सापडलं नाही. वाईट याचंच वाटत होतं, की सापडलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी दुपारी साडेतीनला तिला कशासाठी तरी सूचनाफलकापाशी जावं लागलं. ट्रेनिंगचं वेळापत्रक तिथं चिकटवलेलं होतं. आठवडाभर समोर होतं, पण तो सिस्टरांचा विषय म्हणून तिनं कधी वाचलं नव्हतं. बुधवार, चार वाजता, शेवटचा धडा. मृत्यूची नोंद आणि मृतदेहाचा ताबा.

तिनं तिथंच उभ्यानं फोन काढला.

व्हेरोनिका सिस्टरांचा फोन चौथ्यांदा लागला. मागं पोरींचा गलका ऐकू येत होता.

"सिस्टर, शेवटचा धडा आज नका घेऊ."

"अगं, का?"

रचनाला सांगता येईना. "प्रफुल्लच्या नावावर नका घेऊ."

"अकरा वर्षं झाली, प्रत्येक बॅचला मीच मारते तुझ्या नवऱ्याला," सिस्टर मायेनं म्हणाल्या. "कधी काही झालं? हात मोडलाय म्हणून घाबरलीयस तू. घरी जा बघू. आणि हा धडा टाळता येत नाही गं, यावर परीक्षा आहे पोरींची." मग कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला.

तीन चाळीस.

ती ऑस्वल्डकडे धावली. तो पेशंट काढून टाका, म्हणाली. तो म्हणाला, काढता येत नाही. मग बंद करा, ती म्हणाली. त्याला अर्ज लागतो, तीन दिवस जातात, तो म्हणाला. ती टेबलाला धरून उभी राहिली. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कशासाठी म्हणून एकदाही विचारलं नाही.

"नाव, तारीख, नंबर बदलता येतील," तो हळू आवाजात म्हणाला. "रेकॉर्डवाल्यांना तेवढा अधिकार आहे. पण रिकामं ठेवता येणार नाही, मॅडम. कुणाचं तरी घालावंच लागतं."

तीन बावन्नला तिनं आपल्या टेबलावर ते पान उघडलं. प्रफुल्ल गमरे. ताप. डावं मनगट. तिनं नाव खोडलं. चौकट लाल झाली. सुचेल ते लिहायचं होतं, आणि सुचेना. कुणाचंही नको. ओळखीतलं तर अजिबात नको. तिनं डोळे मिटले आणि नयन तांडेल असं टाइप केलं. अशा नावाचा माणूस तिला माहीत नव्हता, म्हणजे तो नाहीच, असं ती धरून चालली. जन्मतारीख चौदा मार्च एकाहत्तर. नंबर बोटं पडतील तसा. आकडे बरोबर दहा आहेत ना, एवढंच तिनं पाहिलं.

पान जतन झालं. तीन अठ्ठावन्न.

चार वाजून दहा मिनिटांनी तिच्या पडद्यावर नयन तांडेलच्या नावापुढं करडी पट्टी आली. नोंद करणारी डोंबिवलीची रंभा सिस्टर. मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात देणे बाकी.

रचनानं घरी फोन लावला. प्रफुल्ल पोहे खात होता. पाच वाजता लावला, तो टीव्ही बघत होता. साडेपाचला लावला तेव्हा तो वैतागला. "अगं, हात मोडलाय, मी नाही मोडलेलो," म्हणाला, आणि मागून भीमाबाई कुकरच्या शिट्ट्या मोजताना ऐकू आल्या. रचनाला रडू आलं. कुणी बघू नये म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला. वेडी आहेस तू, असं स्वतःला म्हणून ती पाणी प्यायली आणि खिडकीवरची रांग घ्यायला बसली. दोघंचौघंच होते.

पावणेसहाला खिडकीशी एक बाई आली. पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात फोन. रागावलेली होती, पण फार नाही.

"तुमच्या हॉस्पिटलातून हा मेसेज आलाय. आम्ही इथं कधी पायसुद्धा ठेवला नाही हो."

रचनानं फोन हातात घेतला. श्री. नयन तांडेल यांचा मृतदेह ताब्यात घेण्यासाठी रेकॉर्ड विभागाशी संपर्क साधावा. चार वाजून दहा मिनिटं.

"नाव सारखं असेल," रचना म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं.

"नंबर पण आमचाच की."

"मी मेलोय म्हणे," भिंतीजवळच्या बाकावरून एक गृहस्थ हसत म्हणाले. पांढरा बुशशर्ट, पायांशी भाजीची पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. अगदी खुशीत दिसत होते. "म्हटलं, चला, बघून तरी येऊ."

"जन्मतारीख सांगता?" रचनानं विचारलं.

"चौदा मार्च. एकाहत्तर."

तिच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. तिनं वळून पाहिलं नाही.

"काका, तुम्ही आधी खाली कॅज्युअल्टीत जा," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवून घ्या. आत्ताच्या आत्ता. मी येते बरोबर."

"मला काय झालंय?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. दोघांनाही हसू आलं.

"तपासणी नको आम्हाला, ताई," बाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "तेवढं तुमच्या मशीनमधून यांचं नाव काढून द्या." मग ती बाकाकडे गेली, पिशवी बाजूला सरकवली आणि नवऱ्याला टेकून बसली. "सावकाश करा. आम्हाला काही घाई नाही."