हळदीखालचे वळ

ही गोष्ट घडलेली आहे. सगुणाबाई माझ्या वडिलांची आत्या. तिनं ती वडिलांना कितीदा तरी सांगितली, दर वेळी जशीच्या तशी.

१९३७चा वैशाख. निजामाच्या मुलखातल्या टेंभुर्णीपासून दोन कोसांवरचं गाव. नाव सांगत नाही, यातल्या लोकांची माणसं अजून आहेत.

सगुणाबाईची लेक गोजर त्याच गावात दिलेली. एका सकाळी ती सासरच्या विहिरीत सापडली.

"पाय घसरला," नवरा पुंजाराम म्हणाला.

निजामाच्या पोलिसांचा अमीन पंचनाम्याला येणार होता. दिवस मावळला, तरी त्याचा पत्ता नाही. सवाष्ण गेलेली लेक तशीच कशी ठेवायची? थांबा असं कुणी सांगितलंही नाही. सगुणाबाईनं तिला न्हाऊ घातलं, हळद लावायला घेतली.

हात मानेवर आला...

आणि थांबला.

चार बोटांचे काळेनिळे वळ.

लेकीचं हे परक्यांच्या नजरेला पडू नये, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं. तिनं तिथं हळदीचा जाड थर दिला. अमीन आला की त्याला सांगू. आईला तर विचारतीलच ना!

अमीन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. नाकाला रुमाल लावून दहा हात लांब उभा राहिला. पंच पाच, पाचही पुंजारामच्या भावकीतले.

"साहेब, हळदीखाली वळ हायेत. म्या बघितलेत. पुसून दावते."

"तू माँ है. माँ तो रोतीच है. पंच क्या बोलते?"

पंच म्हणाले, "वळ न्हाईत, साहेब. बिलकुल न्हाईत."

सगुणाबाई ओला पदर घेऊन धावली, तर भावकीतल्या बायांनी तिला धरून ठेवलं. संध्याकाळी चिता पेटली. आजही ऐकताना संताप येतो. जन्म देणारीची एक ओळ नाही त्या कागदावर!

तेराव्यानंतरची भर दुपार. सगुणाबाई आपल्या घरात एकटी.

न्हाणीत तांब्या वाजला...

छप्प... छप्प...

कुणीतरी अंग धूत होतं. घासून घासून.

ती धावली. न्हाणी रिकामी. तांब्या कोरडा.

पण बाहेर मोरीतून पाणी वाहत होतं...

पिवळंधमक.

रोज तेच. आठव्या दिवशी तिनं ते पाणी लोट्यात भरलं आणि उन्हात चार कोस चालत ठाण्यावर गेली.

"लेक मान धुऊन राह्यलीय, साहेब. आता तरी माझं लिहून घ्या."

अमीननं लोट्याकडे पाहिलंही नाही. "केस की मिसल बंद हो गई. कागज हैदराबाद गया."

दुसऱ्या दुपारी पुन्हा तांब्या वाजला. त्या दिवशी मोरीतलं पाणी स्वच्छ होतं. हळद सगळी गेली होती.

मग आवाज थांबला...

मागं ओल्या पावलांची चाहूल.

"माय... आता दिसून राह्यलंय का?"

सगुणाबाई वळली. तिनं काय पाहिलं, ते मरेपर्यंत सांगितलं नाही. तिनं दिलेलं उत्तर मात्र सांगायची.

"दिसतंय, बाई. समदं दिसतंय. पन मला इचारतंय कोन?"

तिनं पुन्हा कुणाला हळद लावली नाही. मोरी विटांनी बुजवून टाकली. ते घर आता बंद असतं. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी मी तिथं गेलो होतो. घरात पाण्याचा थेंब नाही...

बुजवलेल्या मोरीपुढची माती ओली होती.

हे कुणाला सांगायचं, मला अजून कळलेलं नाही.