स्मरांदाचं सहावं वेळापत्रक

वेळापत्रकावरचा तो अंगठ्याचा ठसा पाहिला आणि स्मरांदाच्या डोळ्यांत पाणीच आलं... रागाने.

पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं ती पाणी प्यायला उठली होती. परत येते तो वाचनालयातल्या तिच्या खिडकीजवळच्या टेबलापाशी एक उंच मुलगा उभा. अंगात नारिंगी जाकीट, जाकिटाला डिझेलचा वास, आणि दोन्ही हातांनी धरलेलं तिचं वेळापत्रक. मंगळवार, संध्याकाळी पाचच्या गुलाबी चौकोनावर काळाकुट्ट तेलकट ठसा.

"हे काय केलंस तू?"

"वारा आला. खिडकीतून बाहेरच चाललं होतं, मी पकडलं." तो शांतपणे म्हणाला. "एव्हाना दान्यूबमध्ये पोहत असतं."

"मग पकडून खाली ठेवायचं ना! वाचत काय बसलायस?"

"सुंदर आहे म्हणून. मला आधी वाटलं, बुखारेस्टच्या मेट्रोचा नकाशा आहे."

काउंटरवरच्या दोइनाबाईंनी टेबलावर पेन्सिल आपटली. स्मरांदाने कागद हिसकावून घेतला आणि खोडरबर काढलं. ठसा पसरला आणि बुधवारसुद्धा काळा झाला.

"हे पाचवं आहे," ती दातओठ खात पुटपुटली. "पाचवं! आता सहावं काढावं लागणार."

"एकेक काढायला किती वेळ लागतो?"

"पाऊण दिवस," ती बोलून गेली, आणि बोलल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

त्याने हसू दाबलं. अगदी प्रामाणिकपणे दाबलं, पण डाव्या गालावर ते उमटायचं ते उमटलंच.

बारावीची परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. मार्चमधल्या सराव परीक्षेत स्मरांदा झाहारियाला इतिहासात दहापैकी पाच पूर्णांक चार गुण मिळाले होते. पाच म्हणजे काठावर पास. आणि तिचे बाबा याच गालात्स शहरातल्या दुसऱ्या शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त जेवताना चमचा खाली ठेवून म्हणाले होते, "माझंच काहीतरी चुकलं असेल." त्या दिवसापासून ती वेळापत्रकं काढत होती. सकाळी सहा ते रात्री दहा, तासागणिक चौकोन, बारा रंग. तिसऱ्या दिवशी ती मागे पडायची, पाचव्या दिवशी कागद फाडायची, सहाव्या दिवशी पट्टी आणि रंग घेऊन पुन्हा बसायची.

"एक विचारू?" तो मुलगा समोरच्या खुर्चीत बसलासुद्धा. "काल काय वाचलंस?"

"तुला काय करायचंय?"

"सांग तर."

"कुझा राजाच्या सुधारणा. पूर्ण धडा. दोनदा वाचलाय."

त्याने तिचं पुस्तक ओढून मिटलं. "कोणकोणत्या?"

स्मरांदाने तोंड उघडलं. "मठांच्या जमिनी... सरकारजमा... आणि..." तिला ते पान लख्ख दिसत होतं. "ते डाव्या पानावर होतं. वरच्या बाजूला. पिवळ्या रंगात."

"परीक्षेत रंग विचारत नाहीत," तो म्हणाला.

त्या क्षणी तिला तो जगातला सगळ्यात आगाऊ माणूस वाटला. पुस्तकं पिशवीत कोंबून ती निघाली, आणि दारापर्यंत पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला. आता त्यात मस्करी नव्हती.

"गेल्या वर्षी मलाही सगळं येत होतं. गणितात तीन पूर्णांक नऊ मिळाले."

ती थांबली. का थांबली कोण जाणे.

त्याचं नाव कोस्तिन मोरारू. वय एकोणीस. दान्यूबच्या या काठावरून त्या काठावर गाड्या आणि माणसं नेणाऱ्या फेरीबोटीवर तो कामाला होता. दोर बांधायचे, ट्रक लावून घ्यायचे, तिकिटं फाडायची. गणिताचा पेपर सुटला तर कॉन्स्टान्त्साला जहाजाच्या शाळेत प्रवेश. नाही सुटला तर हाच दोर आणि हेच दोन काठ.

त्याने खिशातून एक चुरगळलेली छोटी वही काढली. तिच्यात रंग नव्हते. डाव्या बाजूला धड्यांची नावं आणि प्रत्येकापुढे तारखा.

"पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहून काढायचं. चुकलं तर उद्या परत. बरोबर आलं तर चार दिवसांनी. तेव्हाही आलं तर दहा दिवसांनी. आणि रविवार रिकामा."

"रिकामा? सहा आठवडे राहिलेत आणि रविवार रिकामा?"

"आठवडाभर जे जे राहतं, ते कुठेतरी ओतायला नको का?"

हे इतकं साधं होतं की तिला चीड आली. बारा रंगांचे पैसे, एवढी मेहनत... आणि उत्तर या तेलकट वहीत!

"मला गणितातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली.

"मला इतिहासातलं. पण पुस्तक समोरच्याच्या हातात असलं की झालं. उद्या पाच वाजता?"

"पाच म्हणजे पाच," स्मरांदा म्हणाली.

तो सहा वाजता आला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला. तिसऱ्या दिवशी वाळूचा ट्रक बोटीवर अडकला म्हणून पावणेसातला. स्मरांदा दर वेळी घड्याळ त्याच्यासमोर धरायची आणि तो दर वेळी नदीकडे बोट दाखवायचा.

"तिला सांग. मी सांगून थकलो."

"तू नदीवर ढकलतोस सगळं."

"तू वेळापत्रकावर ढकलायचीस. मी काही बोललो?"

तरीही काम होत होतं, हेच तर चिडवणारं होतं. मिटलेल्या पुस्तकासमोर पहिल्या दिवशी तिला धड्यातलं निम्मंही लिहिता आलं नाही. ती रडकुंडीला आली. चार दिवसांनी तोच धडा जवळजवळ पूर्ण उतरला. जून उजाडला, वाचनालयाबाहेरच्या लिंडनच्या झाडांना बहर आला, खिडकीतून गोड वास आणि डास एकत्रच आत यायला लागले. कोस्तिन तिला कुझा विचारता विचारता मध्येच गप्प व्हायचा.

"पुढे विचार ना!"

"विचारतो. तुझ्या केसांत फूल अडकलंय."

"मग काढ."

"हात तेलकट आहेत," तो म्हणायचा, आणि पुस्तकात डोकं घालायचा. स्मरांदा ते फूल मुद्दाम तसंच ठेवायची... आणि मग घरी जाताना स्वतःवरच चिडायची. परीक्षा तोंडावर आणि हे काय चाललंय!

परीक्षेला दहा दिवस राहिले आणि कोस्तिन यायचा बंद झाला.

पहिल्या दिवशी तिला राग आला. दुसऱ्या दिवशी काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी फोन बंद. चौथ्या दिवशी काळजीचा पुन्हा राग झाला, आणि तिच्याकडेच राहिलेलं त्याचं गणिताचं पुस्तक काखोटीला मारून ती थेट धक्क्यावर गेली.

बोट लागलेली होती. टरबुजांनी भरलेल्या ट्रकला हाताने मागे ये, मागे ये असं करत कोस्तिन उभा होता. तिला पाहिलं आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"मेलायस की काय, ते बघायला आले," ती म्हणाली.

"स्मरांदा, मी परीक्षा देत नाहीये." तो खालच्या आवाजात म्हणाला. "मालकाने कायमची नोकरी देतो म्हणून सांगितलंय. घरी आई खूश आहे. परत नापास झालो तर तिच्यासमोर कुठलं तोंड घेऊन उभा राहू? त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा बसायचंच नाही. वा! म्हणजे नापासाची शक्यताच संपली!"

"तू ओरडू नकोस, लोक बघतायत."

"बघू देत!"

तेवढ्यात भोंगा वाजला, लोखंडी फळी वर उचलली गेली, आणि भांडता भांडता स्मरांदा बोटीवरच राहिली. वर काचेमागून कप्तान फानेलकाका ओरडले, "पोरी, तिकीट काढलंस का?"

"हा काढेल!" तिने ठणकावलं आणि पुस्तक उघडलं. "गुणाकाराचा लॉग?"

"मी कामावर आहे."

"तोंड रिकामं आहे. गुणाकाराचा लॉग?"

"...दोन लॉगांची बेरीज."

"भागाकाराचा?"

"वजाबाकी. स्मरांदा, ऐक..."

"नंतर ऐकेन. घाताचा?"

तो अडला. टरबूजवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "अरे, सांग की बाबा, बिचारी एवढी उन्हात विचारतेय!" अंड्यांची टोपली घेऊन बसलेल्या दोन बायका खुदकन हसल्या. कोस्तिन कानापर्यंत लाल झाला आणि त्याने उत्तर दिलं. बरोबर होतं.

त्या दुपारी स्मरांदाने नदी सात वेळा ओलांडली. कोस्तिन दोर टाकायचा, तिकिटं फाडायचा आणि उत्तरं द्यायचा. चुकलं की ती पानावर फुली मारायची आणि पुढच्या फेरीत तेच पुन्हा विचारायची. शेवटच्या फेरीपर्यंत फुल्या चारच उरल्या होत्या. तिचं नाक उन्हाने सोललं होतं आणि घसा बसला होता.

"एवढं का करतेस?" त्याने विचारलं. दोर त्याच्या हातात तसाच राहिला होता.

"कारण तुला येतं सगळं, मूर्खा!" तिचा आवाज चिरकला. "ज्याला येत नाही त्याने घाबरावं. तू... तू नुसता डोकं फिरवतोस माझं!"

फानेलकाकांनी काचेची खिडकी सरकवली. "कोस्तिन, पेपर कुठल्या दिवशी आहे?"

"मंगळवारी."

"मंगळवारी मी तुला बोटीवर पाहिलं तर नदीत ढकलेन. मालकाशी मी बोलतो."

कोस्तिन परीक्षेला बसला. स्मरांदाचे पेपर झाले. इतिहासाचा लिहिताना हात दुखला, पण पेन कुठे थांबलं नाही. मग सुरू झाली निकालाची वाट. त्या आठवड्यात दोघं दोनदाच भेटले आणि दोन्ही वेळा हवामानावर बोलले. स्मरांदाला वाटलं, याला गदागदा हलवावं. सगळी उत्तरं द्यायला शिकला हा, आणि जे सांगायला हवं तिथे... "उद्या ऊन असेल"!

निकालाच्या दिवशी त्याने तिला फक्त एवढंच सांगितलं, "तू बघून ये. माझ्याने बघवणार नाही."

तिने आधी स्वतःचा बघितला. इतिहास, आठ पूर्णांक नऊ. बाबांना फोन केला. त्यांनी तो आकडा तिच्याकडून तीनदा वदवून घेतला. मग ती धावत त्याच्या केंद्रावर गेली, फाटकावरच्या यादीवर बोट ठेवून मोरारूपर्यंत आली, आणि तशीच धावत धक्क्यावर.

बोट नदीच्या मध्यावर होती. येते येते म्हणत अर्धा तास लावला तिने. फळी पुरती टेकायच्या आत कोस्तिनने उडी मारली.

"कोस्तिन! तुझे गु..."

"थांब!" त्याने दोन्ही हात वर केले. "सांगू नकोस. आधी मला बोलायचंय."

"अरे पण..."

"नापास झालो असेन तर तू दया म्हणून हो म्हणशील. पास झालो असेन तर तुला वाटेल, हा आनंदाच्या भरात बोलतोय. म्हणून आत्ता. मला काहीच माहीत नसताना."

स्मरांदाच्या ओठांवर आकडा नाचत होता. तिने दोन्ही ओठ दातांखाली धरले आणि नुसती मान हलवली.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. आणि मग घाईघाईने, "तू सप्टेंबरात याशला विद्यापीठात जाशील, मी कुठे असेन माहीत नाही, तुला उशीर आवडत नाही आणि मी... मी सुधारेन असं वचन नाही देत, कारण ते खोटं होईल. पण आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवशी मी तुला शिव्या घातल्या होत्या."

"हो. तेव्हापासूनच."

स्मरांदाने त्याचा हात धरला. तेलकट होता, काळा होता; तिच्या पांढऱ्या बाहीला डाग पडला. "हो," ती म्हणाली. "दया नाही. मलाही... कधीपासून, आणि तू हवामान सांगत बसला होतास!"

तो हसला, तिच्या कपाळाला कपाळ लावून क्षणभर उभा राहिला. वरून भोंगा वाजला. फानेलकाका गरजले, "प्रेम नंतर, दोर आधी!" आणि कोस्तिन मागे धावला, फळीवरून उडी मारून बोटीवर, दोर सोडला, हात हलवला... आणि बोट निघालीसुद्धा.

तेव्हा स्मरांदाच्या लक्षात आलं. त्याने गुण विचारलेच नव्हते.

"अरे!" ती पाय आपटत ओरडली. "सहा पूर्णांक आठ! को-स्ति-न! सहा!"

इंजिनाच्या धडधडाटात तिचा आवाज केव्हाच बुडाला. बोटीवर कोस्तिनने कानाला हात लावला. तिने वैतागून दोन्ही हात डोक्यावर उंच धरले. सहा बोटं. मग मुठी मिटल्या. मग आठ.

त्याने पाहिलं. मग तो दोरांच्या वेटोळ्यावर एकदम खाली बसला आणि दोन्ही तळव्यांत त्याने तोंड झाकलं. शेजारच्या मोटारीतून एक म्हातारी उतरली आणि काही न विचारता त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

स्मरांदाने धक्क्यावरच्या गाड्यावरून तीळ लावलेले दोन गरम कोव्रीग पाव घेतले, पायरीवरची धूळ फुंकली, आणि बोट परत यायची वाट पाहत बसली.