वळणावरचा चिखल

“दाब, अजून दाब!” मागच्या सीटवरून मावशीने भाचीला फर्मान सोडलं. तिने ॲक्सिलरेटर दाबला, चाकं गरगरली आणि गाडी चिखलात आणखी खाली बसली. झालं! वर हिवाळ्यातला रटाळ पाऊस, दोन्ही बाजूंना पानं झडलेल्या द्राक्षवेलींच्या रांगा आणि मामाचं घर समोरच्या टेकडीवर, दिसतंय पण गाठता येत नाही असं.

“मी डावीकडे वळ म्हटलं होतं,” आई म्हणाली.

“तू उजवीकडे म्हणालीस, आई.”

“मनात डावीकडेच होतं.”

निघाल्यापासून हेच. दोघी बहिणींनी नातेवाइकांच्या भेटीगाठींचा सपाटाच लावला होता. प्रत्येक रस्त्यावर पाऊस आणि प्रत्येक घरी ‘मग, लग्नाचं काय?’ सुट्टी तिची, गाडी तिची, आणि ती मात्र बिनपगारी ड्रायव्हर!

धुसफुसत ती खाली उतरली. वेलींच्या रांगेच्या टोकाला, ओल्या पोत्याखाली काड्यांच्या मोळ्या होत्या. छाटणीचा कचरा असणार. तिने त्या ओढल्या, चाकांखाली सारल्या आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसली. कडाकडा आवाज झाला, गाडी उसळून बाहेर आली.

“थांबा! अहो, थांबा—”

वेलींमधून एक उंच माणूस धावत आला. हातात कात्री, केसांतून पाणी निथळतंय.

“हे काय केलंत?”

“गाडी काढली. तुमच्या कचऱ्याचा उपयोग झाला, आभारी आहे.”

“कचरा?” त्याचा आवाजच चिरकला. “आजोबांनी लावलेली बाग आहे ही. थकली आता, उद्या सकाळी मशीन येऊन उपटणार. या काड्यांपासून नवी बाग धरायची होती मला. आठवडाभर एकेक निवडत होतो!”

तिने चाकांमागे पाहिलं. सगळा भुगा झाला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दुसऱ्या… तोडता येतील ना?”

“अंधार पडायच्या आत? एकट्याने?”

“कात्री द्या इकडे.” स्वतःवरचा सगळा राग तिने त्याच्यावरच काढला. “बघताय काय? द्या!”

मामा येऊन दोघी बहिणींना वर घेऊन गेला. इकडे कात्रीवाल्याने हातमोज्यांची एकुलती एक जोडी वाटून घेतली, एक तिला, एक स्वतःला.

“ही नको, बारीक आहे. खालचा काप सरळ, वरचा तिरका. अहो, उलटा केलात! उलटी लावली तर जगायची नाही.”

“इतके दोष लोक लग्नाची मुलगी बघतानाही काढत नाहीत.”

“मी अजून मुलगी बघितलेलीच नाही.”

“मी विचारलं नव्हतं.”

“मी तरी कुठे सांगितलं… म्हणजे, सांगितलं खरं.”

ती खुदकन हसली आणि लगेच गाल आवळून घेतले. त्याने पुढची फांदी तिच्यासाठी वाकवून धरली. पाऊस टपटपत होता, बोटं बधिर झाली होती आणि घरी जावंसं मात्र अजिबात वाटत नव्हतं. काय कटकट आहे, तिला वाटलं. एवढं भांडून-तंडून हा माणूस आवडायला लागलाय!

दिवेलागणीला मोळ्या बांधून झाल्या.

“मुळं फुटली की कळवाल?” तिने विचारलं.

“हो तर. फोटो पाठवतो.”

फोटो! एवढं कुडकुडून मिळालं काय, तर फोटो. ती पाय आपटत टेकडी चढली.

सकाळी गाडी पुढच्या नातेवाइकांकडे निघाली. खाली मशीनची घरघर चालू होती. त्याच वळणावर तो उभा होता, आणि चिखलावर खडीचा पट्टा अंथरलेला होता.

“पहाटेच टाकली,” खिडकीशी वाकून तो म्हणाला. डोळे लाल झाले होते. “म्हटलं, तुम्ही पुन्हा अडकायला नको. आता आरामात जाल.”

“मला घालवायची एवढी घाई?”

“तसं नाही… तुम्हाला उशीर होत असेल म्हणून—”

“थांब म्हणता येत नाही?”

त्याने मागे बसलेल्या आईकडे पाहिलं आणि तो पायाने खडी सारखी करू लागला. देवा, इतका मठ्ठ माणूस! तिने स्टिअरिंग फिरवलं. गाडी खडी सोडून थेट चिखलात शिरली आणि धप्पकन बसली.

“अगं, रस्ता दिसत नाही का?” मावशी किंचाळली.

“दिसतोय, मावशी.” तिने इंजिन बंद केलं.

तो घोट्याएवढ्या चिखलातून तिच्या दाराशी आला.

“मुद्दाम केलंत?”

“हो.”

“काल तुम्ही मोळ्या चिरडल्यात ना… इतका राग आला होता. आणि संध्याकाळी शेवटची मोळी बांधताना वाटलं, हीही चिरडावी हिने. तेवढाच अजून थोडा वेळ… आवडता तुम्ही मला. फार.”

“हे काल बोलायला काय झालं होतं?”

“काल तुमच्या हातात कात्री होती.”

तिला हसू आवरेना, आणि डोळे का भरून आले तेही कळेना. “तुम्हीही आवडता मला,” ती म्हणाली. “डोक्याला ताप आहात नुसता, पण आवडता.”

मागचं दार उघडलं. साडी सावरत आईने एक पाय सांभाळून खडीवर ठेवला.

“चल गं, वर जाऊ,” ती मावशीला म्हणाली. “दादाला चहा टाकायला सांगू. आज काही ही गाडी निघत नाही.”