सहाव्या पाटीखालचा कापूस

कपाट उघडलं आणि किसनरावांचा चेहरा उतरला. मैनाबाईच्या नावाच्या पाटीखाली ठेवलेला कापूस वाळल्या पानांच्या चुऱ्यानं भरला होता.

अमरावतीच्या व्यापाऱ्यांनी १८६४ साली हे मानदालन उभारलं. वऱ्हाडी कापसाचं नाव राखणाऱ्यांच्या दगडी पाट्या भिंतीवर, प्रत्येकीखाली कपाटात त्यांच्या कापसाचा नमुना. पाच पुरुषांच्या. सहावी, स्वच्छ वेचणी शिकवणाऱ्या मैनाबाईची, आज दुपारी उघडायची होती.

"उतरवा ते पाटी!" व्यापारी वामनराव कडाडला. "बाईनं गंडवलं. हे जागा माया बापाची होती."

"म्या साफ कापूस देल्ला," मैनाबाई म्हणाली. "शेठ लबाड बोलून राहिले."

किसनराव दालनाचे प्रमुख. त्यांनी समारंभासाठी अकोल्याहून आलेल्या शालिकराम मास्तरांकडे पाहिलं. "दुपारपर्यंत खरं काढा. नाहीतर पाटी उतरेल."

शालिकरामनं चुरा बोटांत चोळला.

"किल्ली कोणाकडे?"

"मायापाशी. एकच हाय," वामनराव गुरगुरला. "काल तिनं पोतडी देल्ली, तशीच आत ठेवली."

"हा तिचाच कापूस कशावरून?"

"काल तांबडं फुटाच्या आधी तिच्या वावराच्या धुऱ्यावर उभा होतो मी! दहिवरानं जोडे भिजले. माया डोळ्यांदेखत वेचला. ऊन चढाच्या आत पोतडी बांधली."

"खरं का, बाई?"

"खरं. हे काहून आले, तेच समजलं नाही."

शालिकरामनं कापसातून दोन वाळली पानं काढली. एक चिमटीत दाबलं; भुगा झाला. दुसरं तांब्यातल्या पाण्यात बुडवून थोड्या वेळानं वाकवलं. तुटलं नाही.

"दहिवरात बोंडाजवळचं पान असंच मऊ होतं. कापूस ओढला तरी झाडालाच राहतं. मैनाबाई हेच शिकवते. एवढा चुरा भर उन्हात वेचलेल्या कापसात असतो. तिचा पहाटेचा, हे तुम्हीच सांगितलंत. मग हा तिचा नव्हे. बदलला किल्लीवाल्यानं, वडिलांच्या पाटीसाठी. तुम्ही जन्मभर कापूस गादीवरून पारखलात, शेठ. झाडावरून कधी वेचला नाहीत."

वामनरावनं किल्ली फेकली. "उघडा पाटी! पण वाचणार कोण? तिच्या वेचणाऱ्या बायाईले अक्षर तरी येते काय?"

"आमाले नाही येत," मैनाबाई म्हणाली. "मास्तरले येते."

दाराशी वेचणाऱ्या बाया जमल्या होत्या. शालिकरामनं पाटीवरचं कापड ओढलं आणि नाव वाचलं.

"जोरात, मास्तर," मागून कोणीतरी ओरडलं. "इकडं आयकू येत नाही."