रस्ता पुरा होईपर्यंत

सुनीवाचा उजवा बूट चिखलात रुतला, तो नेमका आयविंदच्या सलूनसमोर.

नोव्हेंबर सरत आला होता. पाऊस म्हणावा तर बर्फ, बर्फ म्हणावा तर पाऊस, असं काहीतरी आभाळातून सकाळपासून गळत होतं. चर्चपासून थेट बंदरापर्यंत उतरत जाणारी शोगाता, म्हणजे सोल्मविक या किनाऱ्यावरच्या गावाची जुनी बाजारपेठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत उखडलेली. जुने पाइप काढून नवे टाकायचे, वर दगडी फरसबंदी करायची, कडेला झाडं लावायची... नकाशावर सगळं फार देखणं दिसत होतं. सुनीवाने जोर लावून पाय ओढला. पाय वर आला, बूट खालीच राहिला. ओला मोजा हवेत धरून ती बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिली.

सलूनचं दार उघडलं. तांबूस दाढीचा एक उंच माणूस उंबऱ्यात आला. हातात कंगवा, खांद्यावर टॉवेल.

"नगरपालिकेच्या का?"

"हो."

"बरं झालं. आजवर आमचीच माणसं अडकत होती."

पण तोवर त्याने हात पुढे केला होता. हात गरम होता आणि त्याला साबणाचा वास येत होता. त्याने तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, फावड्याने तिचा बूट उकरून आणला आणि केस वाळवायचं यंत्र त्यात खुपसून चालू केलं.

"ते केसांसाठी असतं ना?" सुनीवाने विचारलं.

"केसवाल्यांना इथं यायला रस्ता कुठाय?"

शेजारच्या खुर्चीत साबणाच्या फेसाआडून एक म्हातारा हसला. तो हालवोर, जुना खलाशी, आता कुबड्यांवर चालणारा. "पोरी, मला आज दोघांनी उचलून आणलं. पियानो आणतात तसं. दाढीसाठी एवढी वरात मी लग्नातसुद्धा काढली नव्हती."

सुनीवा हसली नाही. ती स्टावांगरहून या कामापुरती आली होती. रस्त्याकाठच्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, काम कुठवर आलं ते त्यांना सांगायचं, एवढंच तिचं काम. लोक ओरडायचे, ती ऐकून घ्यायची. इथं मात्र कोणी ओरडलं नव्हतं, आणि तेच तिला लागलं.

पुढच्या आठवड्यात सलूनसमोरच्या खड्ड्यावर कठडे असलेला लाकडी साकव आला. कुबड्या घेऊनही जाता येईल एवढा रुंद. आयविंदने आभार मानले नाहीत. ती आली तेव्हा त्याने खिडकीपाशी कॉफीचा कप ठेवला, आणि तो कप मग दर गुरुवारी तिथं असायचा.

"काय, केव्हा संपतंय?" तो विचारायचा.

"फेब्रुवारीअखेर."

"मागच्या खेपेला जानेवारी होता."

"मागच्या खेपेला जमीन गोठली नव्हती."

"म्हणजे आता जमिनीचं ऐकायचं."

"नाहीतर काय. तुमचं ऐकलं असतं तर कालच संपवावं लागलं असतं."

तो ओठ न हलवता, नुसत्या डोळ्यांनी हसायचा. कॉफी गार होईपर्यंत सुनीवा बसायची. मग कॉफी गार झाल्यावरही बसायला लागली.

फेब्रुवारीत काम बंदच पडलं. कुदळ मारली तर ठिणगी उडावी इतकी जमीन टणक. अशाच एका गुरुवारी ती आत आली तेव्हा सलूनमध्ये कोणी नव्हतं. रिकाम्या खुर्च्या, घडी घातलेले टॉवेल, आणि खिडकीतून चर्चकडे बघत उभा असलेला आयविंद.

"बसा," तो खुर्ची फिरवत म्हणाला. "आज गिऱ्हाईक नाही. हात गंजतील."

"मी माझे मीच कापते केस."

"ते दिसतंच आहे."

ती बसली. त्याने तिच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. गाठ मारताना त्याची बोटं तिच्या मानेला लागली, जराशीच... आणि सुनीवाला नळातून टपटपणारा प्रत्येक थेंब ऐकू येऊ लागला. कात्री हलके हलके चालत होती. दोघं आरशात बघून बोलत होते.

"इथून पुढे कुठे जाणार?" आरशातल्या आयविंदने विचारलं.

"जिथं खोदतील तिथं."

"घर?"

"भाड्याचं. पेट्या अजून पुऱ्या सोडल्या नाहीत." मग तिने विचारलं, "तुम्ही कधी गेलात का, कुठे?"

"ऑस्लोला. एकीच्या मागे गेलो होतो." कात्री थांबली, पुन्हा चालू झाली. "तिला ऑस्लो मानवलं. मला नाही."

केस झाले. त्याने खुर्ची आरशापासून वळवली आणि ती एकदम त्याच्यासमोर आली. आता मधे आरसा नव्हता.

"बरे दिसतायत," तो म्हणाला.

"केस?"

"...केस."

त्या संध्याकाळी घरी जाताना तिने टोपी घातली नाही. उघड्या मानेला बोचरं वारं लागत होतं, आणि जिथे त्याची बोटं लागली होती तिथे ते जास्तच लागत होतं.

मार्चमध्ये जमीन सैलावली, यंत्रं पुन्हा घरघरू लागली, आणि बंदराकडच्या टोकाला खाली मऊ चिकणमाती लागली. पाय ठेवला तर बुडेल अशी. तिथे आधी खांब ठोकायला हवेत असं ठरलं. ठेकेदार म्हणाला, सगळा रस्ता एकदमच करू, शरद ऋतूत देतो. नगरपालिकेतली सुनीवाची वरिष्ठ, बेरित, तीही त्याच मताची होती. त्यात कमी डोकेदुखी होती.

शरद ऋतू. म्हणजे अख्ख्या उन्हाळ्यातले गुरुवार. सुनीवाच्या मनात आधी तेच आलं. कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना तिची पावलं इतकी हलकी झाली की तिची तिलाच लाज वाटली.

साकवावर हालवोर भेटला. कठड्याला रेलून उन्हात बसला होता.

"शरदापर्यंत म्हणतायत, खरं का?" त्याने विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"ठरेल तेव्हा आयविंद नसेल इथं. टेकडीवरच्या मॉलमध्ये त्याला कोणी खुर्ची देऊ करतंय. पगारी." म्हातारा खड्ड्यात बघत राहिला. "बापाचं दुकान बंद करायचं म्हणतोय. तुला सांगणार नाही तो. तू कॉफी प्यायला येतेस ना, ती कडू करायची नाही त्याला."

सुनीवा त्या दिवशी आत गेली नाही. कार्यालयात परत येऊन तिने नकाशा पसरला. वरच्या अर्ध्या भागात दुकानं आणि घरं होती, तिथली जमीन कडक होती. खाली नुसती गोदामं. वरचं आधी पुरं करायचं, सतरा मेच्या, राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीला मोकळं करायचं, खालचं सावकाश चालू दे. ती दोन दिवस ठेकेदाराशी भांडली, मग बेरितसमोर बसली.

बेरितने चष्मा काढला. "होण्यासारखं आहे. पण खाली गोदामंच आहेत, तिथे लोकांशी बोलायला कोणी लागणार नाही. तुझं काम मेमध्येच संपतं. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"वादसोला बंदराच्या कामावर माणूस हवा आहे. तुझं नाव कळवू?"

वादसो. देशाचं पार वरचं टोक, बोटीने कित्येक दिवसांची वाट. सुनीवाने होकारार्थी मान हलवली.

मे महिना उजाडला तसा शोगातेला रंग चढला. दगड बसले, साकव निघाला. मिरवणुकीआधीच्या शनिवारी सगळ्या आळीचं श्रमदान होतं. कोणी झाडं लावत होतं, कोणी बाकं रंगवत होतं, एका टेबलावर जाळीच्या छापाचे गोड वाफल भाजले जात होते आणि त्यावर तपकिरी चीजचे काप वितळत होते. सुनीवा आणि आयविंद एकाच बाकाला दोन टोकांनी रंग देत होते. रंगवत रंगवत मधे आले.

"तुमच्या बाहीला लागलाय," तो म्हणाला.

"कुठे?"

त्याने ब्रश तिच्या बाहीला टेकवला. "इथं."

ती हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "मी वादसोला चाललेय. सतरा मेच्या सुटीनंतर."

त्याने खाली बघत त्याच फळीवर पुन्हा रंग द्यायला सुरुवात केली. मग म्हणाला, "तिकडे थंडी असते."

एवढंच.

सोळा मेला अख्ख्या गावाला केस कापून हवे होते. सलूनबाहेर रांग लागली होती. मॉलमधल्या खुर्चीचं आता कोणी नावही काढत नव्हतं. नव्या दगडांवरून हालवोर एकटाच कुबड्या टेकत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आज पियानो स्वतः चालत आला." सुनीवा निरोप घ्यायला आली होती, ती खिडकीपाशी बसून राहिली. तिच्यासमोर कॉफी आलीच. शेवटचं गिऱ्हाईक गेलं तेव्हाही बाहेर लख्ख उजेड होता. आयविंदने दाराला कडी लावली आणि केर काढू लागला.

"बेरितने सांगितलं मला," तो पाठमोरा म्हणाला. "वरचा रस्ता आधी करायचं कोणी लावून धरलं ते."

"माझं कामच होतं ते."

"मार्चमध्ये हालवोर सांगत आला, खाली माती लागली, काम लांबणार. मी आत जाऊन टॉवेलांच्या घड्या घालत होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं, मी शीळ घालतोय." झाडू थांबला. "मग आठवलं की आपलं दुकान बुडतंय."

सुनीवाने कप खाली ठेवला. "मी पायऱ्या उतरत होते... जवळजवळ उड्या मारत."

तो वळला.

"मग थांब म्हणाला का नाहीत?" तिने विचारलं. "त्या बाकापाशी?"

"तुम्ही रस्त्यांच्या. एक झाला की दुसरा. आणि मी हा असा, या खुर्चीसारखा... जमिनीला स्क्रूने बसवलेला. एकदा एकीला थांब म्हणून बघितलंय, एकदा मागे जाऊन बघितलंय. तुम्हांला काय म्हणायचं ते कळेना."

"आधी 'तुम्ही' म्हणणं सोड," सुनीवा म्हणाली.

तो मऊ ब्रश घेऊन पुढे आला, तिच्या कॉलरवर नसलेले केस झटकू लागला. तिने त्याचं मनगट धरलं. ब्रश खाली पडला. त्याच्या दाढीला साबणाचाच वास येत होता, आणि ती तिला वाटली होती त्याहून मऊ होती.

दुसऱ्या दिवशी मुलं झेंडे हलवत, वाजतगाजत शोगातेवरून गेली. गर्दीत दोघं एकमेकांचा हात धरून चालले. हालवोरने कुबडी उंचावली.

सोमवारी बोट होती. सुनीवाने शब्द दिला होता आणि तिला तो मोडायचा नव्हता. आयविंदनेही मोड म्हटलं नाही. धक्क्यावर समुद्राचा आणि ओल्या दोराचा वास होता. तो तिच्या कोटाचं बटण लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता.

"ऑगस्टमध्ये सलून बंद असतं," तो म्हणाला. "दरवर्षी. मी घरी बसतो."

"आणि यंदा?"

"यंदा तिकीट काढलंय."

तिने त्याच्या छातीवर कपाळ टेकलं. "आणि मग? ऑगस्टनंतर?"

"माहीत नाही. तिकडे जाऊन तुला विचारीन. आज नको... आज विचारलं तर तू राहशील, आणि हिवाळ्यात माझ्यावर चिडशील."

ते खरं होतं. म्हणूनच तिला ते ऐकवेना.

"मी हात-बित हलवणार नाही," तो म्हणाला. "आधीच सांगतो. मला ते जमत नाही."

"नको हलवूस."

बोट सुटली. सुनीवा मागच्या कठड्याला उभी राहिली. आयविंद खिशात हात घालून उभा होता, बोलल्याप्रमाणे, अगदी ताठ. धक्का लहान झाला, चर्च लहान झालं. बोट खडकाला वळसा घालू लागली तेव्हा त्याला वाटलं असावं की आता तिला काही दिसत नसेल. त्याने खिशातून हात काढला आणि वर केला.

सुनीवाने कठडा घट्ट धरला. खडक मधे येईपर्यंत तो हात वरच होता.