किरकिर थांबते तेव्हा

हे ऐकीव नाही. त्या खोलीत मी स्वतः होते. वार रविवार, दुपारचे तीन. हो, दुपारचे! भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी वाचावं, मग हसावं.

माझी मावशी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रातकिड्यांवर संशोधन करते. पिढ्यानपिढ्या त्यांचं गाणं कसं बदलत गेलं, ते त्यांच्या जनुकांमध्ये शोधते. त्यासाठी एका बिनखिडकीच्या खोलीत, मांडणीवर ओळीने ठेवलेल्या डब्यांमध्ये शेकडो रातकिडे पाळलेत. तिथे दिवसा अंधार ठेवतात, म्हणजे किड्यांना रात्र वाटते आणि ते गातात. उजेड फक्त एका लाल दिव्याचा.

ही खोली आधी 'आजोबां'ची होती. ते मावशीचे वरिष्ठ. वय जेमतेम पन्नास, पण केस पांढरेशुभ्र, म्हणून सगळे आजोबा म्हणायचे. "एवढी नातवंडं आहेत कुणाला?" असं किड्यांकडे बघून म्हणायचे. वर्षापूर्वी ते याच खोलीत गेले. हार्ट अटॅक.

परीक्षा संपली होती, म्हणून मी मावशीच्या मागे लागून आले. बाहेरूनच कान किटले. पण दार उघडलं आणि...

एकदम शांत.

"तुझ्या बडबडीपुढे हात टेकले बघ त्यांनी," मावशी म्हणाली. "अगं, माणूस हलला की गप्प होतात. शांत बसलं की पुन्हा सुरू. बस त्या स्टुलावर. आणि तोंडाला कुलूप!"

मी बसले. चक्क गप्प. पाच मिनिटांत खोली किरकिरीने भरून गेली.

मग...

दाराजवळचे डबे गप्प झाले.

मी हलले नव्हते. मावशीही नाही.

मग पुढचे डबे थांबले... आणि दाराजवळचे पुन्हा गाऊ लागले. मग त्यापुढचे थांबले.

कुणीतरी मांडणीच्या कडेने हळूहळू चालत होतं.

पावलांचा आवाज नव्हता. नुसती शांतता चालत होती.

ती कोपऱ्यापर्यंत गेली. थांबली. सगळी खोली चिडीचूप.

आणि मग...

सगळे किडे एकदम गायला लागले.

मावशी धावत कोपऱ्यात गेली, तशी किरकिर पुन्हा थांबली. गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागली. फरशी रिकामी होती. ती रडत होती.

"मावशी, काय झालं गं?"

"त्या दिवशी मी शेजारच्या खोलीत होते," ती म्हणाली. "किरकिर थांबली होती, म्हणजे आजोबा आत काम करत होते. मग ती सुरू झाली. मला वाटलं, गेले घरी. आम्ही सगळे असंच ओळखतो गं. किरकिर म्हणजे खोली रिकामी. मी बाहेरून कुलूप लावलं."

तिने फरशीवर तळहात टेकवला.

"ते इथे पडले होते. हलत नव्हते, म्हणून किडे गात होते. डॉक्टर म्हणाले, तासभर तरी जीव होता."

"पण तुला कसं कळणार होतं?"

"दार उघडून बघितलं असतं तर कळलं असतं."

मी तिच्या शेजारी फरशीवर जाऊन बसले.

विभागप्रमुखांनी तिला दुसरी खोली देऊ केली होती. ती नाही म्हणाली. आईने समजावलं, रागावून पाहिलं. मावशीचं एकच उत्तर.

"मी गेले तर परत सगळ्यांना वाटेल, खोली रिकामी आहे."

आता मी तिला रोज फोन करते. ती त्या खोलीतूनच बोलते. मागे किरकिर ऐकू आली की मी विचारते, हलतेयस ना?

"मावशी, जरा उठून चाल ना," काल मी म्हणाले.

"वेडी आहेस," ती हसली. "हे बघ, उठले. चालतेय."

मी कान देऊन ऐकत राहिले...

किरकिर थांबली नाही.

"सवय झाली असेल गं त्यांना माझी," मावशी हळूच म्हणाली.